आहार-व्यायामाची ऑनलाइन नोंद (कोल्हापूर)

रोज काय आणि किती खाल्ले, किती चाललो, किती व्यायाम झाला हे मोफत ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर टिपायचे आणि त्यावरून ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, तंतू व क्षार यांचा हिशेब ठेवायचा, अशी ही पद्धत. वजन उतरवू पाहणारे, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, व्यायामशाळेत जाणारे आणि वजनगटात खेळणारे लोक ती प्रामुख्याने वापरतात. कोल्हापुरात खुराकाकडे लक्ष देण्याची सवय तालमींमुळे जुनीच आहे. मात्र इथले रोजचे जेवण, म्हणजे रस्सा, कट, भाकरी, म्हशीचे दूध, ॲपच्या तयार यादीत नीट बसत नाही. ही तफावत घरच्या घरी भरून काढली तरच नोंद उपयोगी पडते. म्हणून इथे ॲपांपेक्षा स्वयंपाकघराविषयी अधिक लिहिले आहे.

आकडे येतात कुठून

अन्नातील ऊर्जा मोजण्याची आजची रीत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवली. एक ग्रॅम प्रथिनातून ४, कर्बोदकातून ४ आणि स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात, हे त्यांचे गुणक आजही बहुतेक ॲप वापरतात. (पुढे ‘कॅलरी’ म्हणजे किलोकॅलरी.)

भारतीय पदार्थांसाठी सर्वांत भरवशाचा आधार हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आहे. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. तिने २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे पोषणकोष्टक प्रसिद्ध केले. त्यात ज्वारी, मटकी, शेंगदाणे, खोबरे, मासे, मटण असे सगळे आहे, पण ते जवळपास सगळे कच्च्या स्वरूपात. मिसळ, तांबडा रस्सा किंवा झुणका यांचा प्रयोगशाळेत तपासलेला आकडा त्यात नाही. त्यामुळे एखाद्या ॲपमध्ये ‘मिसळ, एक प्लेट’ शोधल्यावर जो आकडा समोर येतो तो कोणीतरी पाककृतीवरून बांधलेला अंदाज असतो. ती पाककृती कुठल्या गावची, तीत तेल किती, हे सहसा कळत नाही.

साधने

मायफिटनेसपाल (२००५), फॅटसीक्रेट, क्रोनोमीटर आणि बंगळुरूचे हेल्दीफायमी (२०१२) ही या क्षेत्रातली जुनी नावे. सर्वांची मोफत आवृत्ती आहे, पण मोफत म्हणजे किती हे कंपनी ठरवते आणि बदलते. मायफिटनेसपालने बारकोड स्कॅन करण्याची सोय २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरती मर्यादित केली. पदार्थांची यादी जिथे वापरकर्तेच भरतात, तिथे एकाच भाकरीच्या वेगवेगळ्या स्पेलिंगने डझनभर नोंदी सापडतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. क्रोनोमीटर तपासलेल्या कोष्टकांवर भर देते आणि जीवनसत्त्वे-क्षारही दाखवते. ज्याला लोह किंवा सोडियम पाहायचे आहे त्याला ते अधिक कामाचे. पाकीटबंद मालासाठी फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला ओपन फूड फॅक्ट्स हा ना-नफा प्रकल्प आहे. त्याची माहिती कोणालाही मोफत वापरता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०१९ मध्ये ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे स्वतःचे ॲप आणले. यातले काहीच नको असेल तर गूगल शीट पुरते.

कोल्हापुरी ताट आणि ॲप

भाकरीपासून सुरुवात करू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. पातळ, लहान भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागते, तर शेतावर न्यायच्या जाड भाकरीला १०० ग्रॅमही लागू शकते. म्हणजे ‘एक भाकरी’ १६५ कॅलरींचीही असते आणि ३३५ चीही. उपाय सोपा आहे. चार भाकरींचे पीठ एकदा काट्यावर तोलायचे, चाराने भागायचे आणि तो आकडा ‘घरची भाकरी’ या नावाने ॲपमध्ये साठवायचा. त्या घरात करणारे हात बदलत नाहीत तोवर तो चालतो.

रश्श्याचे गणित थोडे अवघड. तांबड्यात खोबरे, तीळ, खसखस, कांदा, लसूण, कांदा-लसूण मसाला आणि तेल. पांढऱ्यात मटणाचे आळणी, नारळाचे दूध, काजू, खसखस आणि खडा मसाला. बहुतेक ॲपमध्ये स्वतःची पाककृती भरायची सोय असते. प्रत्येक जिन्नस कच्चा तोलून भरायचा, शिजल्यावर पूर्ण पातेल्याचे वजन घ्यायचे, रिकाम्या पातेल्याचे वजा करायचे आणि आपल्या वाटीत किती ग्रॅम आले तेवढाच हिस्सा नोंदवायचा. मात्र रस्सा एकजीव नसतो. समजा, ३ किलो रश्श्यात १५० ग्रॅम तेल पडले. ते सारखे पसरले असते तर २०० ग्रॅमच्या वाटीत १० ग्रॅम तेल, म्हणजे ९० कॅलरी आल्या असत्या. पण तेल वर तरंगते. पहिली पळी ज्याच्या वाटीत पडते त्याला तर्रीतले तेल कितीतरी जास्त मिळते आणि शेवटी बसणाऱ्याला कमी. मोजायचेच असेल तर पातेले तळापासून ढवळून मग वाढावे. मिसळीच्या कटालाही हेच लागू. हॉटेलात ‘कट वाढा’ म्हणून पुन्हा पुन्हा घेतलेल्या कटाची नोंद करताना मटकीपेक्षा तेलाचा अंदाज आधी धरावा, कारण प्लेटमधला सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. एक मोठा चमचा तेल साधारण १४ ग्रॅमचे, म्हणजे १२५ कॅलरींच्या आसपास. त्यावर फरसाण आणि पावाच्या स्लाइस वेगळ्या मोजाव्यात.

मटण बाजारातून हाडासकट येते, तर कोष्टकातला आकडा खाण्याजोग्या मांसाचा असतो. शिवाय शिजताना पाणी सुटून मांसाचे वजन कमी होते. भाताचे उलटे: १०० ग्रॅम तांदूळ शिजून अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो. तांदळाचे साडेतीनशे कॅलरींचे माप शिजलेल्या भाताला लावले की दिवसाचा हिशेब कोलमडतो. नवख्या माणसाच्या नोंदीत सर्वांत जास्त दिसणारी गफलत हीच: कच्चे की शिजलेले, हे पाहिलेलेच नसते.

दुधाकडे कोल्हापुरात विशेष लक्ष द्यायला हवे. इथे म्हशीच्या दुधाचा मान मोठा. दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांची परंपरा आहे आणि १९६३ पासूनचा गोकुळ दूध संघही याच जिल्ह्याचा. ॲपमध्ये नुसते ‘मिल्क’ टाकले की बहुधा कमी स्निग्धांशाचे किंवा गाईचे दूध धरले जाते. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि १०० मिलिलिटरला सुमारे ६० कॅलरी. म्हशीच्या निर्भेळ दुधात साडेसहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि सुमारे १०५ कॅलरी. रोज लिटरभर पिणाऱ्या पोराच्या नोंदीत एवढ्या एका चुकीने साडेचारशे कॅलरी गायब होतात.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चवीला त्याची बरोबरी होणे कठीण. मात्र वजन उतरवण्यासाठी साखर सोडून गूळ धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, १०० ग्रॅम गुळात साडेतीनशेच्या पुढे आणि साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी असतात. चहात दोन चमचे जास्त पडले की हा फरक संपला. उपवासाच्या दिवशीही असेच होते. साबुदाणा जवळपास पूर्ण पिठूळ आहे, त्यात प्रथिने नगण्य. खिचडीतली प्रथिने दाण्याच्या कुटातून येतात आणि बऱ्याचशा कॅलरी तुपातून व त्याच कुटातून.

मिठाची नोंद बहुतेक जण करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. घरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला करताना त्यातही मीठ घालतात, मग कालवणात वेगळे पडते, वर लोणचे आणि पापड. रक्तदाब असलेल्याने कॅलरींपेक्षा आधी हा रकाना भरावा.

किती हवे

ॲप वय, उंची, वजन विचारून रोजचे लक्ष्य सांगते. त्यामागे बऱ्याचदा १९९० चे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र असते. ते अमेरिकेतील ४९८ जणांच्या मोजमापांवर उभे आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याला पहिला अंदाज मानावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलोच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २११० आणि ५५ किलोच्या तशाच स्त्रीला १६६० कॅलरी धरल्या आहेत; प्रथिने अनुक्रमे ५४ आणि ४६ ग्रॅम. दोन-तीन आठवडे प्रामाणिक नोंद ठेवून वजन कुठे सरकते ते पाहिले की स्वतःचा खरा आकडा कळतो. कोणत्याही सूत्रापेक्षा तो जवळचा असतो. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. अनेक ॲप मात्र २५ आणि ३० या पाश्चात्त्य पायऱ्या दाखवतात. २४ बीएमआयच्या माणसाला हिरवी खूण दिसली म्हणून त्याने निर्धास्त राहू नये.

व्यायाम

हालचालीची ऊर्जा ‘मेट’ या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च म्हणजे १ मेट, ढोबळमानाने किलोमागे तासाला १ कॅलरी. वेगवेगळ्या हालचालींची मेट-यादी १९९३ मध्ये अमेरिकेत प्रथम छापली गेली. ॲप तीच किंवा तिच्या सुधारित आवृत्त्या वापरतात. ताशी साडेपाच किलोमीटरच्या झपाट्याने चालणे सुमारे ४.३ मेट. ६५ किलोचा माणूस रंकाळ्याच्या काठाने त्या वेगाने पाऊण तास चालला तर २१० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ४९ तो घरी बसूनही खर्चणारच होता. चालण्याची खरी भर १६० ची. ॲप मात्र पूर्ण २१० ‘कमावल्या’ म्हणून दाखवते आणि परतीच्या वाटेवर मिसळ खाऊन त्या दुपटीने भरल्या जातात.

जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याचा चढ चढणाऱ्यांसाठी स्ट्राव्हासारखे ॲप चढाईची उंची नोंदवते, हे चांगले; सपाट रस्ता आणि घाट यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे. जोर, बैठका, सपाट्या ही नावे यादीत बहुधा सापडत नाहीत. जवळची नोंद जोरदार कसरतीची, सुमारे ८ मेटची. तीही प्रत्यक्ष जोर मारले तेवढ्याच मिनिटांना लावावी, आखाड्यात घालवलेल्या पूर्ण वेळेला नव्हे.

तालीम आणि वजनगट

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत खुराक वस्तादांच्या नजरेखाली चालत आला: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानावरच्या मातीतल्या कुस्तीसाठी तो घडला. ऑलिंपिकची मॅटवरची कुस्ती मात्र वजनगटात अडकलेली आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात लढले आणि १९५२ ला हेलसिंकीत त्याच्या वरच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. आता लढतीच्या दिवशी सकाळीच वजन घेतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. अशा खेळात महिनाभर आधीपासूनची नोंद अमोल ठरते: कोणत्या दिवशी मीठ वाढले, पाणी किती राहिले, वजन कसे हलले हे समोर दिसते आणि आदल्या रात्री पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवण्याची घातक वेळ टळू शकते. वस्तादाची नजर आणि पोराच्या मोबाइलमधली नोंद यांत भांडण लावायचे कारण नाही. वस्तादाला ती दर आठवड्याला दाखवावी.

मर्यादा आणि धोके

माणूस खाल्लेले कमी आणि केलेले जास्त लिहितो. १९९२ साली अमेरिकेत डाएट करूनही वजन हटत नाही म्हणणाऱ्या दहा जणांना शास्त्रीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांनी खाणे सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितल्याचे आढळले. त्यात लबाडी होती असे मानू नये. चव पाहताना घेतलेला चमचा कोणाच्याच लक्षात राहत नाही. तरीही नोंद ठेवणे वाया जात नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १७०० जणांच्या अमेरिकन अभ्यासात रोज खाणे लिहिणाऱ्यांचे वजन, न लिहिणाऱ्यांच्या साधारण दुप्पट उतरले.

वाढत्या वयाची मुले, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि इन्सुलिन घेणारे यांनी ॲपच्या लक्ष्यावर स्वतः आहार ठरवू नये. नोंद डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवण्यासाठी ठेवावी. आकड्यांचा ध्यास लागून जेवणाची भीती वाटू लागली, पंगतीला बसायचे टाळावेसे वाटू लागले, तर ॲप त्याच दिवशी काढून टाकावे आणि कोणाशी तरी बोलावे. हे सांगायला घरच्यांनी संकोच करू नये.

माहितीची मालकी

मोफत साधनाची किंमत अनेकदा माहितीच्या रूपात चुकवावी लागते. मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती २०१८ मध्ये चोरीला गेली. त्याच वर्षी स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटांवरून लष्करी तळ ओळखू येत असल्याचे उघड झाले. घरापासूनची पहिली काहीशे मीटर वाट लपवायची सोय अशा ॲपमध्ये असते. ती चालू करावी. स्पार्कपीपल हे एकेकाळचे लोकप्रिय मोफत संकेतस्थळ २०२१ मध्ये बंद पडले आणि वर्षानुवर्षे भरलेल्या नोंदींचा प्रश्न उभा राहिला. घरची भाकरी, घरचा रस्सा, घरची आमटी यांचे ग्रॅममधले हिशेब म्हणून ॲपखेरीज एका वहीत किंवा शीटमध्येही उतरवून ठेवावेत. दुसऱ्या कोणत्याही ॲपमध्ये ते एका संध्याकाळी पुन्हा भरता येतात.