वीजबचतीचे घरगुती दिवे (सातारा-सांगली)

कमी विजेत पुरेसा उजेड देणारा दिवा म्हणजे आजच्या घडीला एलईडी बल्ब. सीएफएल (वळणदार नळीचा दिवा) मागे पडला. तो फुटला तर त्यातला पारा बाहेर येतो. पिवळ्या बल्बात तार तापून उजेड पडतो, त्यामुळे बहुतेक वीज उष्णतेतच जाते. एलईडीत अर्धवाहकातून (सेमीकंडक्टरमधून) थेट प्रकाश निघतो. निळ्या एलईडीने पांढरा उजेड शक्य केला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. भारतात ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेने हे बल्ब स्वस्तात घरोघर पोहोचवले.

६० वॅटच्या पिवळ्या बल्बाचे काम ९ वॅटचा एलईडी करतो. रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिटऐवजी १.३५ युनिट लागतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, तेव्हा काठावरच्या घराला हा फरक जाणवतो.

पण आधी बदलावा तो देवघरातला बल्ब. ‘झिरोचा बल्ब’ नावाने झिरो. प्रत्यक्षात तो साधारण १५ वॅटचा असतो. अहोरात्र जळला तर महिन्याला १०.८ युनिट, म्हणजे सोप्यातल्या ६० वॅटच्या बल्बापेक्षाही जास्त. दिवा किती मोठा यापेक्षा किती तास चालू, हे पाहावे. अर्ध्या वॅटचा एलईडी तेथे पुरतो.

खोक्यावर वॅटपेक्षा लुमेन, म्हणजे उजेडाचे माप, वाचावे. दोन बल्ब ९ वॅटचेच असले, तरी ज्याचे लुमेन जास्त तो सरस. ‘बीईई’चे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे याच हिशेबाने मिळतात. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. दुकानदार बहुधा दुसराच हातात ठेवतो. झोपायच्या खोलीला पहिला बरा. रंगदर्शकता (सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप) ८० पेक्षा कमी असेल, तर सांगलीची हळदसुद्धा फिकी दिसते.

संध्याकाळच्या दिव्यांना इकडे आणखी एक संदर्भ आहे. सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प मागणीच्या ऐन वेळी चालवतात. वीज करून पश्चिमेला गेलेले पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळते, कृष्णेत परतत नाही. आणि सांगलीकडच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची भिस्तही कोयनेवर आहे. म्हणजे संध्याकाळचे दिवे आणि शेती, दोन्ही एकाच धरणाच्या पाण्यावर.

गावाकडे व्होल्टेज पडले की पिवळा बल्ब मिणमिणतो. चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर (प्रवाह सांभाळणारे छोटे सर्किट) उजेड स्थिर ठेवतो, मात्र वळवाच्या पावसात वीज कडाडली की आधी तोच जळतो. म्हणून खोक्यावर व्होल्टेजचा पल्ला मोठा आणि सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव) लिहिलेले पाहून घ्यावे. बंद काचगोळ्यात एलईडी बसवला, तर उष्णता कोंडून त्याचे आयुष्य घटते. वॉरंटीसाठी पावती जपून ठेवावी लागते. ती बहुधा बल्बाआधी हरवते.