चरबीचं वेष्टन: काळ्या बुरशीच्या इंजेक्शनपासून एमआरएनए लशीपर्यंत

मे २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या शहराशहरांत रुग्णांचे नातेवाईक एक लांबलचक नाव चिठ्ठीवर घेऊन औषधांच्या दुकानांचे उंबरे झिजवत होते: लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. कोरोनातून उठलेल्या, त्यातही मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घ्यावी लागलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, गाठत होती. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि पुढे मेंदूकडे सरकणारा हा संसर्ग. सडलेला भाग शस्त्रक्रियेनं काढायचा आणि जोडीला हे इंजेक्शन द्यायचं, हाच इलाज. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम हा साधारण हिशेब, आणि कुपी ५० मिलिग्रॅमची. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, तेही काही आठवडे. एका कुपीला काही हजार रुपये पडत होते आणि तेवढे मोजूनही ती मिळत नव्हती.

साधं अ‍ॅम्फोटेरिसिन त्याच्या मानानं बरंच स्वस्त होतं. मग सगळे 'लिपोसोमल'च का मागत होते? या प्रश्नाचा माग काढत गेलं की फायझर आणि मॉडर्नाच्या कोरोनावरच्या एमआरएनए लशींची निम्मी कुळकथा हाती लागते. त्या लशी एका वर्षात तयार झाल्या, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. लशीतल्या आरएनएच्या, म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं ते पेशीला सांगणाऱ्या रेणूच्या, मजकुराबद्दल ते चालून जाईल. तो आरएनए ज्या चरबीच्या कणात बसून पेशीत उतरतो, त्या कणाला मात्र साठ वर्षं लागली. आणि त्यांतली बरीचशी वर्षं त्यावर राबणाऱ्यांच्या डोक्यात लस नव्हतीच.

सुरुवात १९६१च्या सुमारास, केंब्रिजजवळच्या बॅब्रॅममधल्या पशु-शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेत झाली. अ‍ॅलेक बँगम हे रक्ताचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि सूक्ष्मदर्शकातले तज्ज्ञ आर. डब्ल्यू. हॉर्न संस्थेत नव्यानं आलेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून पाहत होते. फॉस्फोलिपिड, म्हणजे अंड्याच्या बलकात भरपूर सापडणारी एक प्रकारची चरबी, पाण्यात मिसळून त्यांनी त्याखाली ठेवली. दिसले ते एकात एक बसलेले गोल थर, आणि हे थर जिवंत पेशीच्या पटलासारखे दुपदरी होते. चरबीच्या या रेणूंचं एक टोक पाण्याला जवळ करतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे पाण्यात सोडले की ते आपसूक असे दुपदरी गोळे बांधतात, आणि गोळ्याच्या पोटात थोडं पाणी कोंडलं जातं. या गोळ्यालाच पुढे लिपोसोम म्हणू लागले. पुढच्या प्रयोगांत बँगम यांनी दाखवलं की आत कोंडलेले क्षार बाहेर झिरपायला वेळ लागतो. पेशीपटल चरबीचंच असतं का, हा त्या काळी वादाचा विषय होता आणि बँगम यांना रस होता तो त्यात. औषध पोहोचवण्याचा विचार त्यांनी केला नव्हता. हेच बँगम पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून फॉस्फोलिपिडांचंच एक औषध बनवण्यात गुंतले. त्या औषधाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की 'अ‍ॅलेक' होतं. एवढी गंमत त्यांना माफ असावी.

गोळ्याच्या पोटात औषध भरावं हे सुचलं ते लंडनमध्ये. ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी १९७१मध्ये एक एन्झाइम लिपोसोममध्ये भरून उंदरांना टोचलं. काही बाळांच्या शरीरात जन्मतः एखादं एन्झाइम नसतं आणि पेशींत साखरेचे साठे तुंबत जातात. अशा आजारांत बाहेरून एन्झाइम आत पोहोचवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. बहुतेक लिपोसोम यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले. तिथल्या भक्षक पेशी रक्तातला परका कण दिसला की गिळतात. बाकीच्या शरीराच्या दृष्टीनं ही पंचाईतच होती. पण ग्रेगोरियाडिस आणि अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९७४मध्ये याच खोडीचा फायदा दाखवला. घटसर्पाचं निष्प्रभ केलेलं विष लिपोसोममधून दिलं तर उंदरांत अधिक प्रतिपिंडं तयार होत होती. परक्या कणांना गिळणाऱ्या पेशीच प्रतिकारशक्तीला वर्दी देतात, तेव्हा लस त्यांच्याच तोंडी पडणं चांगलं. चरबीचा कण आणि लस यांची पहिली गाठ इथे पडली.

आता अ‍ॅम्फोटेरिसिनकडे वळू. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून पन्नाशीच्या दशकात मिळालेलं हे औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून तिथे भोकं पाडतं. आपल्या पेशींच्या पटलात अर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असतं. औषध त्यालाही काही प्रमाणात चिकटतं आणि मूत्रपिंडं त्यात होरपळतात. लिपोसोमच्या दुपदरी भिंतीत हेच औषध बसवलं की ते तिथे घट्ट धरून राहतं, आपल्या पेशींना कमी आणि बुरशीला जास्त भिडतं. त्यामुळे साध्या औषधाची जी मात्रा मूत्रपिंडांना झेपत नाही, तिच्या कितीतरी पट मात्रा देता येते. अ‍ॅम्बिसोम या नावानं ते १९९०च्या सुमारास युरोपात आणि १९९७मध्ये अमेरिकेत आलं.

भारतात हे सगळं फक्त आयात झालं असं नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात प्रा. बी. के. बच्छावत यांनी लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचं देशी रूप तयार करून रुग्णांवर तपासलं. ते पुढे 'फंगिसोम' नावानं बाजारात आलं. रुग्णाला देण्यापूर्वी त्याची कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रात धरून कण बारीक करावे लागत. वॉर्डातल्या परिचारिकेचं काम त्यानं वाढत असे, पण आयात औषधाची किंमत न परवडणाऱ्या रुग्णालयात हा सौदा वाईट नव्हता. २०२१च्या टंचाईत ज्या कंपन्यांकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, त्यांत भारत सीरम्स, सिप्ला आणि सन फार्मा या मुंबईच्याच होत्या. कण बनवण्याची विद्या इथे होती. इतक्या मोठ्या प्रमाणावर अचानक मागणी येईल असं मात्र कोणी धरलं नव्हतं.

यकृत-प्लीहेकडे धावण्याची ती खोड आणखी एका ठिकाणी कामी आली. काळा आजार, म्हणजे काला-आजार, याचे परजीवी नेमके यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींमध्येच दडून असतात. बिहारमध्ये डॉ. श्याम सुंदर यांच्या गटानं २०१०मध्ये दाखवलं की किलोमागे १० मिलिग्रॅम लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन एकदाच दिलं तरी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. त्याआधी साध्या औषधाच्या पंधरा सलाइन एकाआड एक दिवस घ्याव्या लागत. मजुरीवर जगणाऱ्या माणसासाठी महिनाभर रुग्णालयात पडून राहण्याऐवजी एक दिवस, असा हा फरक आहे. औषधविज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा गाजलेले शोध पुष्कळ आहेत, इतके उपयोगी थोडे.

कर्करोगाच्या औषधांत मात्र लिपोसोमनं यकृत टाळून गाठीपर्यंत पोहोचायला हवं होतं. जेरुसलेममध्ये येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझोन यांनी कणाभोवती पीईजी या पाणी धरून ठेवणाऱ्या लांब रेणूंचं आवरण चढवलं. भक्षक पेशींना कण पटकन ओळखता येईना आणि तो रक्तात दिवसेंदिवस फिरत राहू लागला. डॉक्सिल हे औषध १९९५मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २०११मध्ये त्याचं उत्पादन अडलं आणि अमेरिकेत तुटवडा पडला. तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली आणि २०१३मध्ये त्या कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मंजुरी मिळाली.

इथपर्यंतची औषधं लहान रेणूंची होती. आरएनएचं प्रकरण वेगळं. तो लांब, नाजूक आणि ऋणभारित. रक्तात उघडा सोडला तर एन्झाइम काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात, आणि पेशीचं पटल त्याला आत घेत नाही. सशाच्या ग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए, म्हणजेच एमआरएनए, लिपोसोममधून परक्या पेशीत घालून तिथे प्रथिन तयार करून घेण्याचे प्रयोग १९७८मध्येच झाले होते, पण हाती लागायचं ते फार थोडं. १९८७मध्ये फिलिप फेल्गनर यांनी धनभारित लिपिड वापरलं. ऋणभारित डीएनए त्याला आपोआप चिकटला आणि काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये सहज शिरला. दोन वर्षांनी रॉबर्ट मेलोन, फेल्गनर आणि इंदर वर्मा यांनी हीच युक्ती आरएनएसाठी चालते हे दाखवलं. १९९३मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं लिपोसोममध्ये भरलेला इन्फ्लुएंझाचा आरएनए उंदरांना टोचून प्रतिकारशक्ती जागी केली. म्हणजे एमआरएनए लस तत्त्वतः तेव्हाच सिद्ध झाली होती. अडलं होतं ते माणसाला देता येईल अशा कणापाशी, कारण कायम धनभार असलेली लिपिडं शरीरात विषारी ठरतात.

या गाठीची उकल कॅनडातल्या व्हँकुव्हरला झाली, आणि ती सावकाश झाली. पीटर कलिस हे मुळात पेशीपटलांचे भौतिकशास्त्रज्ञ. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा गट आणि त्यातून निघालेल्या छोट्या कंपन्या अशी लिपिडं शोधत होत्या, की ज्यांच्यावर रक्तात भार नसतो, पण आम्ल मिळताच धनभार येतो. आम्लात आरएनए आणि लिपिड एकत्र आणायचे म्हणजे ती एकमेकांना धरतात. मग आम्लता घालवायची, की भार नाहीसा होऊन निरुपद्रवी कण उरतो. मिसळण्याची पद्धतही त्यांनी बदलली. अल्कोहोलातलं लिपिड आणि पाण्यातला आरएनए या दोन धारा एका सांध्यावर वेगानं आदळवल्या की सारख्या आकाराचे कण सलग मिळतात. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण प्रयोगशाळेतल्या चमचाभर मालापासून कारखान्यापर्यंत जाता आलं ते या सांध्यामुळे.

सगळ्यात अवघड टप्पा पेशीच्या आत होता. पेशी कण गिळते, पण तो एका पिशवीत, एंडोसोममध्ये, बंद राहतो. पाहुण्याला घरात घेऊन पडवीतच कोंडून ठेवावं तसा. ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते आणि आतला माल शेवटी नष्ट केला जातो. कलिस यांच्या लिपिडाला नेमकी हीच आम्लता हवी असते. तिथे त्याच्यावर धनभार येतो, ते पिशवीच्या ऋणभारित भिंतीशी मिसळतं, भिंत ढासळते आणि आरएनए बाहेर पडतो. तरीही २०१३मधल्या एका मोजणीत फक्त एक ते दोन टक्के माल सुटताना दिसला. एवढ्यावर औषध चालतं, हेच नवल.

हा कण पहिल्यांदा मंजूर झाला तो एका दुर्मिळ आजारासाठी. यकृतात तयार होणारं एक बिघडलेलं प्रथिन मज्जातंतूंत आणि हृदयात साचतं, तो आनुवंशिक आजार. अ‍ॅल्नायलम कंपनीनं कलिस यांच्या परिवारातल्या लिपिडांतून एक निवडून पॅटिसिरान बनवलं. त्यातला छोटा आरएनए त्या प्रथिनाचा संदेशच मोडून टाकतो. ऑगस्ट २०१८मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे कोरोनाचा जनुकीय क्रम जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला, तेव्हा माणसांत वापरलेला आणि नियामकांनी तपासलेला कण फडताळात तयार होता. तो २०१८ऐवजी २०२३मध्ये मंजूर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार फारसा केला जात नाही.

दुसरी बाजू कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांची. आरएनएतल्या युरिडिन या घटकाचं रूप थोडं बदललं तर शरीर बिथरत नाही, हे त्यांनी २००५मध्ये दाखवलं आणि २०२३चं नोबेल त्यासाठी मिळालं. ते योग्यच होतं. कॅनडाच्या २०२२च्या गेर्डनर पुरस्कारात मात्र त्या दोघांसोबत कलिसही होते, आणि मला ती मांडणी अधिक न्याय्य वाटते.

फायझर आणि मॉडर्नाच्या कणांत चार प्रकारची लिपिडं असतात: आम्लात भार घेणारं, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पीईजी लावलेलं. बँगम यांच्या सूक्ष्मदर्शकाखालची फॉस्फोलिपिडं आणि डॉक्सिलचं पीईजी दोन्ही त्यात सापडतात. गोठवून ठेवण्याची अट मात्र जाचक होती: फायझरला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास, मॉडर्नाला उणे २०. भारतात फायझरनं फेब्रुवारी २०२१मध्ये अर्ज मागे घेतला. सिप्लामार्फत मॉडर्नाला जून २०२१मध्ये परवानगी मिळाली, पण नुकसानभरपाईच्या जबाबदारीवरून अडलं आणि लस लोकांपर्यंत आलीच नाही.

पुण्याच्या जेनोव्हानं वेगळी वाट धरली. सिअ‍ॅटलच्या एचडीटी कंपनीसोबत सुरू झालेल्या या कामात आरएनए कणाच्या पोटात न भरता पृष्ठभागावर चिकटवलेला होता, आणि पेशीत गेल्यावर तो स्वतःच्या प्रती काढणारा होता, म्हणजे मात्रा कमी लागावी. लस सुकवून पूड केली की साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकते. जेमकोव्हॅक-१९ला जून २०२२मध्ये आणि ओमिक्रॉनसाठीच्या, सुईविना त्वचेत देण्याच्या लशीला जून २०२३मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. तोवर देशातल्या बहुतेक प्रौढांचं लसीकरण उरकलं होतं. तालुक्याच्या आरोग्य केंद्राला झेपेल अशी एमआरएनए लस तयार होती, पण दंड पुढे करायला कोणी उत्सुक नव्हतं. तरी पूड करून टिकवण्याचं तंत्र वाया गेलं असं मी म्हणणार नाही, कारण शीतसाखळीची अडचण साथ संपली म्हणून संपत नाही.

आजही नसेतून दिलेला हा कण मुख्यत्वे यकृतातच जातो. रक्तातलं एपीओई नावाचं प्रथिन त्याला चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्यावरून त्याला ओढून घेतात. फुप्फुसं, मेंदू, अस्थिमज्जा इथे नेमकं पोहोचवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. २०२५मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्याच जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध याच प्रकारच्या कणातून देण्यात आलं. तो आजार यकृतातल्या एन्झाइमचा होता. पहिल्या प्रयत्नासाठी असाच आजार निवडण्याचं एक कारण उघड आहे: कण तिथे जातो, हे आधीपासून माहीत होतं.