थराखालचं सागवान: जुन्या फर्निचरच्या रंग-पॉलिशची पार्श्वभूमी

जुन्या बाजारातून आणलेलं कपाट घरी घासायला घेतलं की एकाखाली एक थर निघत जातात. वर चॉकलेटी ऑइल पेंट, त्याखाली कुणीतरी घाईत मारलेलं वॉर्निश, तळाशी लाखेचं पॉलिश. काय खरवडायचं आणि काय राखायचं हे ठरवण्याआधी हे थर कुठून आले ते पाहिलेलं बरं.

आधी लाकूड. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत ज्याचं कौतुक असायचं ते ‘बर्मा टीक’. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली उभी राहिली आणि ब्रह्मदेशातल्या सागाचा व्यापार करू लागली. १८८५ मध्ये ओंडक्यांच्या हिशेबावरून ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबारानं कंपनीला जबर दंड ठोठावला. ते निमित्त साधून इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि राजाला रत्नागिरीला धाडलं. तो १९१६ मध्ये तिथेच वारला. थिबा पॅलेस बघणाऱ्यांपैकी किती जणांना आजोबांचं कपाट आठवतं कोण जाणे!

त्या लाकडावर चढायचं ते फ्रेंच पॉलिश. पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात रुळली, पण माल आपल्याकडचा. कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर लाखेचा किडा जे राळेसारखं द्रव्य सोडतो, ते शुद्ध करून चपडी होते. झारखंड-छत्तीसगडप्रमाणे आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही लाख निघते. चपडी स्पिरिटमध्ये भिजवायची, सुती कापडात कापूस गुंडाळून गोळा करायचा, त्याला तेलाचा थेंब लावायचा आणि न थांबता गोल-गोल हात फिरवायचा. मध्येच हात थांबला तर तिथेच डाग. पॉलिशच्या प्रत्येक नव्या थरातलं स्पिरिट खालचा थर किंचित विरघळवतं, त्यामुळे दहा हात मारले तरी शेवटी थर एकच होतो. म्हणूनच चरा पडला तर सगळं पॉलिश काढावं लागत नाही, तेवढ्याच जागी गोळा फिरवला की भागतं. गरम कपाचा पांढरा डाग मात्र त्यावर हमखास उठतो.

तळाशी लाखच आहे का, हे घरीही कळतं. कपाटाच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा तपकिरी आला तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरला विरघळला तर लॅकर, म्हणजे झटपट सुकणारं फवाऱ्याचं पॉलिश. दोन्हींना नुसता बधला नाही, तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा टणक लेप.

याच स्पिरिटमुळे फ्रेंच पॉलिश कायद्यातही जाऊन बसलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ‘विकृत स्पिरिटपासून (म्हणजे पिण्यालायक न ठेवलेल्या स्पिरिटपासून) केलेले पदार्थ’ म्हणून लॅकर, वॉर्निश यांच्याबरोबर फ्रेंच पॉलिशचा नावानिशी उल्लेख आहे. दारू मिळेना तेव्हा लोकांची नजर पॉलिशच्या बाटलीकडेही वळत होती.

ऑइल पेंट सागवानावर चढला तो मुख्यतः वेळ आणि मजुरी वाचवायला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात अडली आणि १९४२ मध्ये चार मित्रांनी गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. पुढे रंगाचे छोटे डबे गावोगावच्या दुकानांत पोचले. पॉलिशवाल्याचं काम कितीतरी दिवस चालायचं. ब्रश कुणीही मारू शकतं. सुंदर रेषांच्या सागावर चॉकलेटी रंग फासलेला पाहून आज जीव हळहळतो, पण ज्यानं फासला त्याच्या दृष्टीनं त्यानं कपाटाला पाणी आणि वाळवीपासून वाचवलंच होतं.

या थराशी मात्र जपून वागावं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर करू नये. वॉटर पेपरनं ओला घासावा, आणि लहान मुलं जवळपास नसावीत.

नंतरचा काळ फवाऱ्याचा. ड्यूपॉंटनं १९२३ मध्ये मोटारींसाठी आणलेला झटपट सुकणारा ड्युको रंग फर्निचरवरही आला. मग मेलामाईन आणि पीयूचे लेप आले. फेविकॉल १९५९ पासून मिळू लागलं, सुताराच्या शेगडीवरचा सरस मागे पडला आणि प्लायवूडवर सनमायका चिकटवायची चाल पडली. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जंगलतोडीला लगाम बसला. आज जुनं सागवान शोधत फिरण्यामागे हेही एक कारण आहे.

घरच्या घरी फर्निचर रंगवण्याची अलीकडची हौस बरीचशी चॉक पेंटवर पोसली गेली. अ‍ॅनी स्लोन यांनी तो ऑक्सफर्डमध्ये १९९० साली आणला. फारसं न घासताही बसणारा, मॅट, वरून मेण लावायचा. भिंतीच्या इमल्शन रंगात खडूची पूड किंवा प्लास्टर मिसळून घरी करतात तो त्याचाच गरीब भाऊ. सनमायकाच्या कपाटावर तो खुशाल मारावा. सागावर किंवा शिसवीवर मारण्याच्या मी विरोधात आहे, पण मारायचाच ठरला तर एक अडचण येते: लाकडातला रंग झिरपून पांढऱ्या पेंटवर पिवळट-लालसर डाग उमटतात, आणि कितीही हात मारले तरी ते वर येतच राहतात. त्यावर उपाय म्हणजे पेंटच्या आधी मेण काढलेल्या चपडीचे दोन पातळ हात.