सेप्सिस : कॅज्युअल्टीतल्या पहिल्या तासामागचा इतिहास

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. त्याच्या उपचारात आज दिसणारी लगबग फार जुनी नाही. एकेकाळी असा रुग्ण आयसीयूत खाट मिळेपर्यंत कॅज्युअल्टीतच ताटकळायचा. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी कसून उपचार तिथूनच सुरू केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २६३ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारात ४६.५ टक्के दगावले, नव्या पद्धतीत ३०.५ टक्के. पुढे २०१४-१५ मधल्या तीन मोठ्या चाचण्यांत या पद्धतीचा वेगळा फायदा दिसला नाही. मात्र तोवर नेहमीचा उपचारच सुधारला होता.

ब्रिटनमध्ये डॉ. रॉन डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी तासाभरात करायची सहा कामं ठरवली : ऑक्सिजन, अँटिबायोटिक आणि सलाईन द्यायचं, ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघण्याची तपासणी) घ्यायचं, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासायचं, लघवी मोजायची. यातलं बहुतेक काम सिस्टरच्या हातचं. माझ्या मते खरा बदल इथे झाला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र बदलाला एका मुलाचा जीव जावा लागला. २०१२ साली बारा वर्षांच्या रॉरी स्टाँटनला शाळेत हाताला खरचटलं आणि त्यातून सेप्सिस झाला. आपत्कालीन विभागातून त्याला घरी पाठवलं गेलं. धोक्याची सूचना देणारे रक्ताचे रिपोर्ट त्यानंतर आले आणि घरच्यांपर्यंत पोचलेच नाहीत. काही दिवसांत तो गेला. आईवडिलांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०१३ मध्ये राज्याने प्रत्येक हॉस्पिटलला सेप्सिसची ठरलेली कार्यपद्धती सक्तीची केली.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित राहिली ती श्वासाची गती. नाडी, रक्तदाब मशीन सांगतं. श्वास मात्र छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. गर्दीत अंदाजानेच आकडा लिहिला जातो, आणि सेप्सिसची पहिली खूण बऱ्याचदा तिथेच निसटते. कल्चरचंही तसंच : अँटिबायोटिकआधी रक्त घ्यायचं, त्वचेवर लावलेलं औषध नीट वाळू द्यायचं, नाहीतर त्वचेवरचेच जंतू बाटलीत वाढतात.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सरसकट घाई थोडी आवरली. शॉक (रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरणं) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाभरात अँटिबायोटिक. शॉक नसेल आणि नुसती शंका असेल तर झटपट तपासण्या, आणि शंका कायम राहिली तर तीन तासांच्या आत. म्हणजे बाकावर थांबलेल्या रुग्णाला पुन्हा पुन्हा तपासणं आलं. त्यासाठी ड्युटीवर पुरेशा सिस्टर हव्यात.