अभियांत्रिकी शिक्षण संशोधन आणि मराठवाडा

अभियांत्रिकीचे विद्यार्थी विषय कसे शिकतात, कुठे अडतात आणि पदवीपर्यंत का पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे अभियांत्रिकी शिक्षण संशोधन. अमेरिकेत पर्ड्यू आणि व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांनी २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग उघडले. मराठवाड्यात हे काम प्रामुख्याने यंत्र, स्थापत्य किंवा विद्युत शिकवणारे प्राध्यापकच आपला मूळ विषय सांभाळून करतात.

येथील जुन्या संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्था (१९८१). १९८३ नंतर विनाअनुदानित धोरणामुळे खासगी महाविद्यालये वाढली.

मराठवाड्यात यशाची चर्चा प्रवेशापाशी थांबते. 'लातूर पॅटर्न'ने प्रश्नपत्रिकांच्या अखंड सरावातून बारावी आणि सीईटीचे गुण मिळवून देण्याचे तंत्र घडवले, त्याचा लौकिक राज्यभर झाला. पण त्याच सवयीचा मुलगा पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकासमोर बसतो तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. संशोधनासाठी खरा मालमसाला इथेच आहे. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची अडचण तर आणखी वेगळी. ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये ही मुले बहुधा सरस असतात, परंतु एम-वन, एम-टू (पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर) न करताच त्यांच्यासमोर एम-थ्री या पुढच्या पेपरातली लाप्लास आणि फूरिए ही गणिती रूपांतरे येतात. बॅकलॉग, म्हणजे नापास राहिलेले विषय, तिथून साचू लागतात. वर्गातले शेरे मात्र 'अभ्यास करत नाहीत' एवढ्यावरच संपतात, आणि हे निदान आळशीपणाचे आहे, विद्यार्थ्याच्या नव्हे तर निदान करणाऱ्याच्या.

उपायांबाबत पुरावा बराच भक्कम आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी सुमारे ३४ टक्के, तर वर्गातच विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला आणि एकमेकांशी चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले.

त्याच वर्षी भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, स्थायी सदस्य झाला आणि एनबीए (राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ) मूल्यांकनाचा जोर निष्पत्तींवर, म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकला यावर, आला. मूल्यांकनाच्या अहवालात ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवलेल्यांचे प्रमाण द्यावे लागते, त्यात थेट दुसऱ्या वर्षात आलेलेही धरले जातात. म्हणजे संशोधनाला लागणारी आकडेवारी महाविद्यालयाच्या कपाटात आधीच असते. ती बहुधा सीओ-पीओच्या (विषयाच्या आणि अभ्यासक्रमाच्या निष्पत्तींच्या) एक्सेल तक्त्यांपुरतीच वापरली जाते, समिती येऊन गेली की फाईल बंद होते. या क्षेत्राकडे वळणाऱ्या प्राध्यापकाला सुरुवात याच फाईलपासून करता येते: कोणत्या विषयात, कोणत्या प्रवेशमार्गाने आलेले विद्यार्थी अडले, हे वेगळे काढायचे आणि अडलेल्यांना, जमल्यास कॉलेज सोडून गेलेल्यांनाही, भेटायचे.