अतिअकाली जन्मलेल्या बाळाचे उपचार : निर्णयातील पालकांचा सहभाग

गर्भारपणाचे २८ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अतिअकाली जन्मलेले बाळ म्हणतात. त्याच्यावर कोणते उपचार सुरू करावेत, ते कुठवर चालवावेत आणि केव्हा थांबवून केवळ वेदनाशमनाकडे वळावे, हे आईवडील व डॉक्टर यांनी मिळून ठरवावे, असे आज मानले जाते.

सर्वांत अवघड पट्टा साधारण २२ ते २५ आठवड्यांचा. आठवड्यांचा हिशेब पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवर भरवशाने करता येतो. ती झालेली नसेल, तर पाळीच्या तारखेत झालेली आठवड्याची चूकही सगळा अंदाज बदलते. शिवाय बाळाचे वजन, लिंग (मुली थोड्या अधिक तग धरतात), जुळे की एकटे, प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने मिळाली की नाही, यांवरही बरेच अवलंबून असते. म्हणूनच ब्रिटनमधील नवजात-वैद्यकांच्या संघटनेने २०१९ च्या आराखड्यात केवळ आठवडे न मोजता एकूण धोका पाहिला. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असल्यास सहसा वेदनाशमन, ५० टक्क्यांहून कमी असल्यास सक्रिय उपचार सुचवले आहेत. मधल्या टप्प्यात पालकांचे मत निर्णायक ठरते.

आकडा सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही. ‘दहापैकी चार वाचतात’ आणि ‘दहापैकी सहा दगावतात’ या दोन्ही वाक्यांचा हिशेब एकच असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम वेगळा होतो. त्यामुळे दोन्ही बाजू सांगाव्यात, आणि त्याआधी पालकांना कशाची धास्ती आहे ते विचारावे. निर्णयही एकदाच होत नाही. मेंदूतील रक्तस्राव डोक्याच्या सोनोग्राफीत दिसला, आतड्याला इजा झाली, व्हेंटिलेटर सुटेना, की तोच प्रश्न नव्याने उभा राहतो.

भारतात या संवादाला वेगळे अडसर आहेत. सिझेरियन झालेली आई वॉर्डात, कधी दुसऱ्याच रुग्णालयात असते आणि संमतीपत्रावर सही करतो तो अतिदक्षता विभागाबाहेर उभा असलेला बाप, तीही घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवर विचारून. खर्च खिशातून होत असेल, तर उपचार थांबवण्याचा निर्णय उघडपणे बोलला न जाता ‘डामा’ या शेऱ्याखाली, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेल्याच्या नोंदीत, दडून जातो. अशा बाळाला वेदनाशमनाची सोयही मिळत नाही, ही यातली सर्वांत मोठी उणीव होय.

उपचार चालू असताना आईचे दूध आणि त्वचेला त्वचा लावून घेण्याची कांगारू पद्धत यांमुळे पालक केवळ सही करणारे राहत नाहीत. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाल्यापासून, आईला पुरेसे दूध येत नसले तरी दात्या मातांचे दूध बाळाला देण्याची वाट खुली झाली. बाळ वाचणार नाही असे ठरल्यावर नळ्या काढून ते आईच्या कुशीत देणे, नाव ठेवू देणे, फोटो काढू देणे हा उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र ‘तिला त्रास नको’ म्हणून आईला बाळ न दाखवताच पुरले जाते, आणि तिला काय हवे होते हे बहुधा कोणी विचारलेलेच नसते.