चोर सोडून संन्याशाला सुळी

हृदयाच्या तपासणीचं ‘पॅकेज’ घेतलं की हल्ली कोलेस्टेरॉलच्या खाली दोन-चार अनोळखी नावं छापून येतात. एचएस-सीआरपी, एलपी-पीएलए-२, लायपोप्रोटीन (ए). समोरचा आकडा ठळक छापलेला असला की पोटात गोळा येतो. पण रक्तात एखादं प्रथिन वाढलेलं दिसणं वेगळं आणि त्यानेच धमनी बिघडवणं वेगळं. एलपी-पीएलए-२ च्या बाबतीत हा फरक कळायला औषध कंपनीला दोन प्रचंड चाचण्या कराव्या लागल्या.

हे एक विकर, म्हणजे एंझाइम. मॅक्रोफेज नावाच्या आपल्याच पेशी ते तयार करतात आणि रक्तात ते बहुतांशी एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, कणांना चिकटून फिरतं. धमनीच्या भिंतीत शिरलेलं एलडीएल तेलासारखं खवट झालं की हे विकर त्यातली मेदद्रव्यं तोडतं आणि ते तुकडे दाह वाढवतात. फुटायला आलेल्या मेदाच्या थरांत ते भरपूर सापडलं. २००० साली पश्चिम स्कॉटलंडमधल्या पुरुषांच्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांना हृदयविकारही जास्त, असं दिसलं. पुरावा अगदी चोख वाटत होता!

मग त्याला रोखणारं डॅराप्लॅडिब आलं. डुकरांमध्ये गुण आला. माणसांवरच्या दोन चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये लागले: एकीत १५,८२८ रुग्ण, दुसरीत १३,०२६. विकर दबलं, पण मुख्य निकषावर, म्हणजे हृदयविकाराचे झटके आणि त्याने होणारे मृत्यू अशा घटनांच्या एकत्रित मोजणीत, फरक पडला नाही. रुग्णांना जाणवलं ते जुलाब आणि अंगाला येणारा विचित्र वास.

खरं तर निसर्गाने हाच प्रयोग आधी करून ठेवला होता. पूर्व आशियात अनेकांमध्ये या विकराचं जनुक जन्मतःच निकामी असतं. चीनमध्ये ९० हजारांहून अधिक लोकांची जनुकं तपासली, तेव्हा अशा लोकांना हृदयविकारापासून काही संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. विकर घटनास्थळी हजर होतं, एवढंच.

सीआरपीही त्याच जातीचं (अहवालातलं एचएस-सीआरपी म्हणजे त्याचीच बारीक मोजणी). १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेलं हे प्रथिन यकृत तयार करतं, आणि दाढ सुजली तरी ते वाढतं. ज्यांच्यात ते जनुकांमुळेच जास्त असतं, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. म्हणजे हा चोर नव्हे, चुगलखोर. पण चुगलखोरही कामाचा असतो: लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढंच राहिलं, तर शरीरात दाह धुमसतोय हे कळतं.

माझ्या मते अहवालात खरं लक्ष द्यावं ते लायपोप्रोटीन (ए) कडे. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते १९६३ मध्ये शोधलं. एलडीएलसारखाच कण, फक्त त्याला एक जादा प्रथिन जोडलेलं. ते किती असणार हे मुख्यतः आईवडिलांकडून ठरून येतं. पथ्य-व्यायामाने फारसं हलत नाही, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही उतरत नाही. इथे जनुकांची साक्षही उलटी पडते: ज्यांना ते वारशाने जास्त मिळालं, त्यांना हृदयविकारही जास्त. दक्षिण आशियाई लोकांत त्याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा सरासरी जास्त आढळतं, ही आपल्यासाठी नोंद घेण्याजोगी गोष्ट.

बहुतेकांना ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते. आकडा डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेला, तर डॉक्टर एलडीएल, रक्तदाब, साखर यांचे लगाम अधिक आवळतात आणि सख्ख्या भावंडांना, मुलांनाही एकदा रक्त तपासून घ्यायला सांगतात.